मूत्राशयातला खडा: शस्त्रक्रियेचे शब्द आणि हत्यारं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. योजनेची कागदपत्रं, संमतीपत्रावरच्या सह्या, नातेवाइकांच्या शंका हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. मूत्रविकार विभागासाठी मराठीत माहितीपत्रकं करायचं ठरलंय, त्यातलं मूत्राशयाच्या खड्याचं पत्रक माझ्याकडे आलंय.

केसपेपरवर एकाच आजारापुढे वेगवेगळे शब्द असतात. कुणाच्या कागदावर सिस्टोलिथोटॉमी, कुणाच्या सिस्टोलिथोलॅपॅक्सी, कुणाच्या पीसीसीएल. पेशंटला एवढंच कळलेलं असतं की खडा काढणार आहेत. सही करताना विचारतात, "ताई, पोट फाडणार का दुर्बिणीनं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्या कागदावरच लिहिलेलं असतं, पण ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची त्यालाच ते वाचता येत नाही. मला हे फार लागतं.

इथे डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, थिएटरमध्ये काम केलेल्या सिस्टर आहेत. या शब्दांचा नेमका अर्थ काय, हत्यारं कशी असतात, ती कुठून आली, जमेल तसं लिहा. इतिहासही चालेल. पत्रकात सगळं मावणार नाही, पण समजावून सांगणाऱ्याला चार गोष्टी जास्त माहीत असल्या तर बरं पडतं.

यूरो_सोलापूर

चांगलं काम घेतलंत ताई. या सगळ्या शब्दांची सुरुवात सारखी आहे, तेव्हा शेवटाकडे बघा. सिस्टो म्हणजे मूत्राशय, लिथो म्हणजे खडा. पुढे 'टॉमी' असेल तर चिरा देऊन खडा अखंड बाहेर काढायचा. 'ट्रिप्सी' असेल तर फोडायचा. 'लॅपॅक्सी' असेल तर फोडायचा आणि तुकडे धुऊन बाहेरही काढायचे. पीसीसीएलमध्ये ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या जरा वर, छोटं छिद्र पाडून नळी आत घालतात आणि खडा तिथून फोडून काढतात.

म्हणजे तुमच्या पेशंटचं उत्तर असं: लिथोटॉमी लिहिलं असेल तर ओटीपोटावर चिरा आणि टाके. लिथोलॅपॅक्सी असेल तर बहुतेक वेळा लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण, बाहेर टाका नाही. पीसीसीएल असेल तर छिद्र.

कोणाला काय करायचं हे खड्याचा आकार, संख्या, कठीणपणा आणि लघवीचा मार्ग किती रुंद आहे यावर ठरतं. खूप मोठा खडा दुर्बिणीतून फोडत बसलं तर वेळ लांबतो आणि मार्गाला इजा होते, तिथे उघडी शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित असते. लहान मुलग्यांचा मार्ग अरुंद असतो, म्हणून त्यांच्यात पीसीसीएल बरं पडतं. "चिरा दिला म्हणजे जुनाट डॉक्टर" असा समज नातेवाइकांत असतो. तो तुमच्या पत्रकानं जरूर काढावा.

तापीकाठ

वाचनखूण साठवली. माझ्या वडिलांचं पुढच्या महिन्यात ठरलंय, वय सत्तरच्या पुढे. कागदावर लिथोलॅपॅक्सी आणि पुढे टीयूआरपी (दुर्बिणीतून प्रोस्टेट तासून काढणं) असं दोन्ही लिहिलंय. खडा काढायचाय तर प्रोस्टेटला हात का लावायचा? खर्च वाढवायला तर नाही ना, असं घरात सगळे म्हणताहेत.

आणि लघवीची धार मध्येच तुटते, पाय हलवला की पुन्हा सुरू होते, हे खड्यामुळेच का?

यूरो_सोलापूर

@तापीकाठ, हो, धार तुटणं हे मूत्राशयातल्या खड्याचं अगदी जुनं लक्षण. खडा घरंगळत तोंडाशी येतो, वाट बंद होते, माणूस हलला की बाजूला होतो. लघवीच्या शेवटी टोकाशी कळ येणं हे दुसरं.

आता प्रोस्टेटचं. किडनीतून उतरलेला लहान खडा मोकळ्या मूत्राशयातून सहसा लघवीबरोबर निघून जातो. तो मूत्राशयात राहतो आणि वाढतो, कारण लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, साचून राहते. वयस्क पुरुषांत याचं सर्वांत नेहमीचं कारण वाढलेली प्रोस्टेट. दुसरी कारणं म्हणजे मूत्रमार्गाचा आकुंचन पावलेला भाग, मणक्याच्या इजेनंतर मूत्राशयाची गेलेली ताकद, महिनोन्‌महिने ठेवलेली नळी. खडा हे अशा वेळी लक्षण असतं. तो काढला आणि अडथळा तसाच ठेवला तर खडा पुन्हा होण्याची वाट उघडीच राहते. म्हणून दोन्ही एकाच भुलीत करतात. काहींना प्रोस्टेटची गोळी पुरते, तो निर्णय तपासण्या बघून होतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "लघवी केल्यावर आत किती उरते, सोनोग्राफीत काय आलंय?" तो आकडा ऐकलात की घरातली शंका बरीच मिटेल.

हिरवा_गाऊन

मी थिएटर सिस्टर. आता निवृत्त आहे, पण यूरोलॉजीचा ट्रे झोपेतही लावता येईल.

गोदाकाठ, पत्रकात एक गोष्ट आवर्जून लिहा. थिएटरमध्ये आम्ही "लिथोटॉमी द्या" म्हणतो तेव्हा ऑपरेशनचं नाव घेत नसतो. पाय वर आधारावर ठेवून निजवायच्या पद्धतीला लिथोटॉमी पोझिशन म्हणतात. बाळंतपणात, मूळव्याधीत, दुर्बिणीच्या तपासणीतही तीच देतात. कमरेत भूल दिलेला पेशंट जागा असतो, त्याच्या कानावर तो शब्द पडतो आणि तो घाबरतो, की दुर्बीण सांगितली आणि आता कापताहेत. मी स्वतः पेशंटच्या डोक्याशी उभी राहून हे समजावून सांगितलेलं आहे.

हत्यारांचं सांगते. दुर्बिणीच्या केसला शीथ म्हणजे बाहेरची पोकळ नळी, टेलिस्कोप, लाइट केबल, सलाइनची बाटली वर टांगलेली. शीथची जाडी फ्रेंचमध्ये मोजतात, 1 फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. 24 फ्रेंच म्हणजे 8 मिलिमीटर. नातेवाईक "चोवीस नंबर" ऐकून केवढी मोठी नळी असं समजतात, म्हणून मी नेहमी मिलिमीटरमध्ये सांगायची.

खडा फोडायला पूर्वी लिथोट्राइट. लांब दांडा, टोकाला वाकडे दातेरी दोन जबडे, मागे स्क्रूचं चाक. खडा जबड्यात धरायचा आणि चाक फिरवायचं. यात दोन गोष्टी जिवावरच्या. चाक फिरवण्याआधी जबड्यात फक्त खडाच आहे, मूत्राशयाची आतली त्वचा नाही, याची खात्री करायची. त्यासाठी आत पाणी पुरेसं भरलेलं हवं. आणि बाहेर काढताना जबडे पूर्ण मिटलेले हवेत. दातांत चुरा अडकून जबडा किंचित उघडा राहिला तर लघवीचा मार्ग सोलला जातो. म्हणून प्रत्येक केसनंतर ब्रशनं दातांमधला कण न् कण काढायचा आणि दुसऱ्या दिवशी जबडा मिटतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. नवीन मुलींना मी हे आधी शिकवायची, बाकी नंतर.

नंतर स्टोन पंच आला, तो शीथमधून जातो आणि दुर्बिणीतून दिसत असताना खडा फोडता येतो. मग लिथोक्लास्ट, मग लेसर.

गोदाकाठ

सिस्टर, पोझिशनचं कळलंच नव्हतं मला. एका आजोबांनी हेच ऐकून नंतर "फसवलं" म्हणून तक्रार केली होती, आज त्याचा उलगडा झाला. पत्रकात पहिल्या पानावर घेते.

वैद्य_संगमेश्वर

सुश्रुतसंहितेत अश्मरीसाठी, म्हणजे मूतखड्यासाठी, निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे स्वतंत्र अध्याय आहेत. चार प्रकार सांगितलेत: श्लेष्माश्मरी, पित्ताश्मरी, वाताश्मरी आणि शुक्राश्मरी. पहिले तीन प्रामुख्याने मुलांत होतात, आणि मुलांचं मूत्राशय लहान व मांस कमी असल्यानं खडा हाताला लागणं आणि काढणं सोपं जातं, असंही म्हटलंय.

शस्त्रकर्माची पद्धत थक्क व्हावी इतकी नेमकी आहे. नखं कापलेली, तेल लावलेली डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गुदातून आत घालून खडा पुढे ढकलायचा, गाठीसारखा वर येईपर्यंत. मग सेवनीच्या, म्हणजे गुदाच्या पुढे मधोमध असलेल्या शिवणीसारख्या रेषेच्या, डावीकडे, यवभर अंतर सोडून, खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा. यव म्हणजे जवाचा दाणा. खडा अग्रवक्र म्हणजे टोकाला वाकवलेल्या यंत्रानं उचलायचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अश्मरी काढायच्या यंत्राचं टोक सापाच्या फण्यासारखं वाकडं असावं असं वर्णन आहे. खड्याखाली घालून वर उचलायला तोच आकार लागतो.

यातली सर्वांत महत्त्वाची सूचना मला ही वाटते: खडा फुटू देऊ नका, चुरा होऊ देऊ नका, कारण थोडासा कण राहिला तरी तो पुन्हा वाढतो. म्हणून अखंड काढायचा. शस्त्रकर्मानंतर रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवायचं, मूत्राशयात रक्त साठू नये म्हणून. साठलंच तर क्षीरी म्हणजे चीक असलेल्या वृक्षांच्या सालीच्या काढ्यानं पुष्पनेत्रातून, म्हणजे लघवीच्या मार्गात घालायच्या नळीतून, धुवायचं. पुढे वर्षभर घोडा, हत्ती, रथ, झाड, डोंगर यांवर चढायचं नाही आणि पोहायचं नाही.

गोदाकाठताई, तुमच्या विषयाला लागून एक गोष्ट. हा उपाय सुश्रुतानं शेवटचा मानलाय. कुशल वैद्याच्या हातूनही यश नक्की नसतं, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. न करावं तर मृत्यू निश्चित, करावं तर शंका, म्हणून अधिपतीला विचारून, परवानगी घेऊनच करावं. धोका आधी सांगून मगच शस्त्र हातात घ्यायचं, हा दंडक तेव्हाचा आहे.

जुनी_पाने

वैद्यबुवा, फार सुंदर. "कण राहिला तर पुन्हा वाढतो" हे वाक्य डोक्यात ठेवून पुढचा युरोपातला इतिहास वाचावा, तो जवळजवळ याच एका अडचणीचा इतिहास आहे.

आजार किती जुना, तर इजिप्तमध्ये अल अम्रा इथे एका किशोरवयीन मुलाच्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यात मूत्राशयाचा खडा सापडला. 1901 मध्ये इलियट स्मिथ यांनी तो शोधला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात ठेवला होता, 1941 च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. हिपोक्रेटिसच्या नावानं घेतल्या जाणाऱ्या शपथेत खड्यासाठी शस्त्र न चालवण्याचं वचन आहे. ते काम त्यातल्या खास माणसांवर सोपवायचं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससनं लिहून ठेवलेली पद्धत सुश्रुताच्या पद्धतीशी बरीच जुळते, गुदातून बोटं आणि खालून छेद. त्यानंच अलेक्झांड्रियाच्या अमोनियसची नोंद ठेवलीय. मोठा खडा निघेना तेव्हा तो आकड्यानं खडा धरून ठेवायचा आणि बोथट हत्यार लावून त्यावर घाव घालायचा.

सोळाव्या शतकात इटलीत खोबण असलेली धातूची सळई आली. ती लघवीच्या मार्गातून आत घालायची आणि खालून तिच्या खोबणीवर चाकू चालवायचा, म्हणजे शस्त्र भरकटत नाही. मारियानस सांक्टस यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. हत्यारं वाढली म्हणून तिला 'मोठा संच' आणि सेल्सस पद्धतीला 'लहान संच' म्हणू लागले. पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात विल्यम चेसेल्डन यांनी 1727 पासून बाजूनं छेद घेण्याची पद्धत बसवली. भुलीचं औषध नसलेला तो काळ, आणि हा माणूस मिनिटाच्या आत खडा बाहेर काढायचा. त्यांच्या 213 पेशंटपैकी 20 दगावले. त्या काळाच्या मानानं हा आकडा विलक्षण कमी होता.

सॅम्युअल पेप्स या इंग्रज रोजनिशीकाराचा खडा 26 मार्च 1658 रोजी काढला, आणि पुढे तो दरवर्षी त्या दिवशी मेजवानी द्यायचा. माणूस काय सोसून त्यातून जात असेल याचा अंदाज यावरून येतो.

इंदुरी

या इतिहासात हिंदुस्थानचाही वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लखनऊत राहणारे कर्नल क्लोद मार्तँ, ज्यांच्या संपत्तीतून ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या, त्यांना मूत्राशयात खडा होता. 1782 मध्ये त्यांनी विणकामाच्या सुईसारखी बारीक तार कानशीसारखी खरखरीत केली, तिला मूठ बसवली, नळीतून स्वतःच आत घातली आणि दिवसातून अनेकदा खडा घासत राहिले. काही महिन्यांत भुकटी होऊन खडा निघून गेला. चिरा न देता मार्गातूनच खडा फोडण्याचे प्रयत्न पॅरिसला व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दुसरं नाव आमच्या गावाचं. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन होते डेनिस कीगन. लहान मुलांच्या मार्गातून खडा फोडायचं यंत्र जाणारच नाही, त्यांना छेदच घ्यावा लागणार, असं तोवर सगळीकडे मानत. कीगन यांनी लहान मापाची हत्यारं वापरून 1880 च्या दशकात इंदूरला मुलांवर लिथोलॅपॅक्सी केल्या आणि ती सुरक्षित आहे हे दाखवून दिलं. तेव्हा माळव्यात, सिंधमध्ये, पंजाबात गरिबांच्या पोरांना हे खडे फार होत.

यूरो_सोलापूर

@इंदुरी, कीगन यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. पोरांच्या खड्याचं कारण बहुतांशी अन्नात होतं. नुसतं धान्य, दूध आणि इतर प्रथिनं नाहीत, वर जुलाब आणि उन्हाळ्यात पाणी कमी. अशा मुलांच्या लघवीत अमोनियम युरेटचे खडे धरतात. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला उंदरांना निकृष्ट आहार देऊन मूत्राशयाचे खडे तयार करून दाखवले होते. ताटात दूध, डाळ, अंडी आली तिथे मुलांमधला हा आजार ओसरला. आज माझ्या ओपीडीत मूत्राशयाचा खडा म्हटलं की बहुतेक वेळा आजोबा समोर बसलेले असतात.

नॉर्विचकर

मी इंग्लंडच्या नॉरफोक भागात राहते. इथेही अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मूत्राशयाच्या खड्याचा सुळसुळाट होता, आणि पेशंटमध्ये गरिबांची मुलं खूप. 1771 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या रुग्णालयानं काढलेले खडे नोंदींसह जपून ठेवले. नंतरच्या अभ्यासकांना त्याचा फार उपयोग झाला. माळवा, सिंध आणि नॉरफोक एका ओळीत येतील असं कधी वाटलं नव्हतं.

गोदाकाठ

सगळं अधाशासारखं वाचतेय. जुनी_पाने, कण राहण्याची अडचण शेवटी कशी सुटली ते लिहा ना. खडा फोडणं समजलं, पण तुकड्यांचं काय करायचे?

जुनी_पाने

13 जानेवारी 1824 रोजी पॅरिसमध्ये झाँ सिव्हियाल यांनी अकादमीच्या जाणकारांसमोर चिरा न देता जिवंत माणसाच्या मूत्राशयातला खडा फोडून दाखवला. त्यांचं हत्यार म्हणजे सरळ नळी, टोकाला उघडणारे तीन पंजे आणि मधून खडा पोखरणारा दांडा. सिव्हियाल एवढ्यावर थांबले नाहीत. चिरा देऊन किती दगावतात आणि फोडून किती, याचे आकडे त्यांनी ठिकठिकाणांहून जमवले आणि 1835 मध्ये विज्ञान अकादमीपुढे त्यावर चर्चा झाली. कोणती शस्त्रक्रिया बरी हे सर्जनच्या नावावरून न ठरवता आकड्यांवरून ठरवायचं, या विचाराच्या अगदी सुरुवातीच्या पाऊलखुणा इथे आहेत. दरम्यान 1832 मध्ये उर्तलू यांनी ठोकून फोडायचं यंत्र आणलं, मग स्क्रूचं आलं, आणि हिरवा_गाऊन यांनी सांगितलेला लिथोट्राइट तयार झाला.

पण तुकडे लघवीबरोबर आपोआप पडायची वाट बघायची. थोडं फोडायचं, काही दिवस थांबायचं, पुन्हा फोडायचं. टोकदार तुकडे आत टोचत, जंतुसंसर्ग होई. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याचा इंग्लंडमध्ये जानेवारी 1873 मध्ये सर हेन्री थॉम्प्सन यांनी असे दोन वेळा खडा फोडला, तिसऱ्या वेळेची तयारी चालू असताना 9 जानेवारीला तो वारला. शवविच्छेदनात उरलेला खडा मूत्राशयातच सापडला. थॉम्प्सन त्या काळातले यातले सर्वांत नावाजलेले सर्जन होते.

पाच वर्षांनी, 1878 मध्ये, बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी उत्तर दिलं. भूल आली होती, त्यामुळे घाईचं कारण उरलं नव्हतं. मूत्रमार्ग समजत होते त्यापेक्षा रुंद नळी सहन करतो हेही ओटिस या डॉक्टरांच्या कामातून कळलं होतं. बिगेलो यांनी एकाच बैठकीत खडा पूर्ण फोडला आणि रुंद नळीला रबरी फुगा लावून सगळा चुरा धुऊन काढला. त्यांनीच या प्रकाराला लिथोलॅपॅक्सी म्हटलं. ताई, तुमच्या केसपेपरवर आज जो शब्द असतो तो हा.

हिरवा_गाऊन

आणि तो फुगा अजून आहे! एलिक म्हणतो आम्ही. बिगेलोच्या फुग्याची ही सुधारलेली आवृत्ती. वर रबरी बल्ब, खाली काचेचा गोळा. बल्ब दाबला की सलाइन आत, सोडला की चुऱ्यासकट बाहेर. जड तुकडे खालच्या गोळ्यात बसतात, पुन्हा दाबलं तरी आत जात नाहीत. लावताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, बुडबुडे मूत्राशयात गेले की सरांना पुढचं दिसत नाही. आता प्लॅस्टिकचे एकदाच वापरायचे येतात. प्रोस्टेटच्या केसमध्ये तासून काढलेले तुकडे काढायलाही हाच. शेवटी सगळं धुऊन झाल्यावर सर पुन्हा दुर्बीण घालून कानाकोपरा बघतात. ती शेवटची फेरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटायची.

तापीकाठ

सिस्टर, लेसर आणि लिथोक्लास्ट यातलं चांगलं कोणतं? आम्हाला लेसरचे जास्त पैसे सांगितलेत. आणि किडनीच्या खड्याला बाहेरून मशीननं फोडतात तसं इथे नाही का होत?

यूरो_सोलापूर

मी उत्तर देतो. लिथोक्लास्ट दाबलेल्या हवेवर चालतं. मुठीच्या आत एक तुकडा हवेनं पुढे फेकला जातो, तो लांब धातूच्या दांड्यावर आपटतो, आणि दांड्याचं टोक खड्याला टेकलेलं असतं. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरचंच तत्त्व. खडा कडक असतो म्हणून फुटतो, मूत्राशयाची भिंत मऊ असल्यानं मागे सरते. 1990 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हे निघालं. यंत्र टिकाऊ, दर पेशंटमागचा खर्च कमी. तुकडे मात्र मोठे पडतात, ते गोळा करावे लागतात.

होल्मियम लेसरमध्ये केसाच्या काही पट जाड काचेचा तंतू खड्याला भिडवतात. 2100 नॅनोमीटरचा प्रकाश पाणी झटकन शोषून घेतं, त्यामुळे उष्णता अर्ध्या मिलिमीटरच्याही आतच थांबते. खड्याचा बारीक चुरा होतो, कितीही कठीण खडा असो. मोठ्या खड्याला वेळ लागतो.

दोन्हींनी काम चांगलं होतं. माझ्यासमोर साधारण मध्यम आकाराचा खडा असेल आणि लिथोक्लास्ट असेल, तर फक्त लेसर नाही म्हणून कुणाला कर्ज काढायला मी सांगणार नाही. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितोय. हात कोणाचा, तुकडे पूर्ण निघाले का, अडथळा दूर केला का, याला जास्त महत्त्व आहे.

बाहेरून लहरींनी फोडायचं तंत्र 1980 मध्ये म्युनिकमध्ये सुरू झालं आणि किडनीच्या खड्यासाठी त्यानं क्रांती केली. मूत्राशयात करता येतं, पण खडा पाण्यात हलत राहतो, आणि तुकडे बाहेर पडायची वाटच अडलेली असते. वडिलांना प्रोस्टेटचा अडथळा आहे, त्यांच्या तुकड्यांनी जायचं कुठून?

निळी_शाई

औषधानं विरघळत नाही का? आमच्याकडे पानफुटी, कुळथाचं पाणी सर्रास देतात.

वैद्य_संगमेश्वर

लहान खडा असेल, वाट मोकळी असेल, तर पाषाणभेद, गोखरू, वरुण, कुळीथ यांचा वापर आम्ही करतो. पण मूत्राशयात वाढलेला खडा आणि पुढे अडथळा, लघवीत रक्त किंवा ताप असेल, तर काढा देत वेळ घालवू नये. सुश्रुतानंही औषधांनी जमलं नाही तर शस्त्र, असाच क्रम दिलाय. लघवी पूर्ण अडली तर थेट रुग्णालय गाठा, घरगुती उपाय नकोत.

यूरो_सोलापूर

सहमत. युरिक ॲसिडचा खडा लघवी अल्कधर्मी करून काही जणांत विरघळतो, पण अडथळा असलेल्या मूत्राशयात त्यावर विसंबून राहता येत नाही.

आणखी एक, ताई. पत्रकात डीजे स्टेंटबद्दल, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायच्या बारीक नळीबद्दल, चौकट टाका. किडनीच्या खड्यानंतर आत ठेवलेला स्टेंट ठरलेल्या तारखेला काढलाच पाहिजे. दुखणं थांबलं, ऊसतोडीला किंवा गावी निघून गेले, स्टेंट विसरला, असं होतं. मग त्याच्या खालच्या टोकावर मूत्राशयात खडा धरतो. आत राहिलेली कोणतीही परकी वस्तू खड्याचं बीज ठरते. म्हणूनच उघड्या शस्त्रक्रियेत मूत्राशय विरघळणाऱ्या धाग्यानंच शिवतात.

गोदाकाठ

स्टेंटचं तर नक्की. आमच्याकडे योजनेच्या फाइलवर तारीख असते, पण पेशंटच्या हातात काहीच नसतं. त्यांच्या फोन नंबरसकट वेगळी वही करायची असं आजच ठरवलं.

ऑपरेशननंतर नळीतून लालसर येतं, त्यावरून नातेवाईक हवालदिल होतात. काय सांगू?

हिरवा_गाऊन

तीन तोंडांची फोली असते. एकातून सलाइन आत, एकातून लघवी आणि सलाइन बाहेर, तिसऱ्यातून फुगा फुगवतात. फिकट गुलाबी आलं तर चालतं, हळूहळू साफ होतं. घट्ट लाल झालं, गुठळ्या आल्या, बाहेर यायचं थांबलं आणि ओटीपोट फुगलं, तर लगेच सिस्टरला बोलवा. सलाइन चालू आणि पिशवीत काही नाही, असं एक मिनिटही चालवून घेऊ नका. आणि पिशवी कायम पेशंटच्या कमरेच्या खाली. चालताना खांद्याएवढी वर धरून नेतात, ती लघवी परत आत जाते.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना आत किती लघवी उरते ते विचारलं, त्यांनी सोनोग्राफी दाखवून समजावलं. दोन्ही एकदमच करतोय, लिथोक्लास्टनं. एक शेवटचा प्रश्न, काढलेला खडा आमच्या हातात देतात म्हणे. त्याचं काय करायचं?

यूरो_सोलापूर

तपासणीला पाठवायचा. धुऊन, सुकवून, कोरड्या स्वच्छ डबीत. फॉर्मॅलिनमध्ये घालायचा नाही, त्यानं तपासणी बिघडते. फोडून काढला असेल तर तुकडे आणि चुरा चालतो. युरिक ॲसिड निघालं तर रक्त, आहार आणि लघवीची आम्लता बघावी लागते. जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइट निघाला तर संसर्ग मुळापासून घालवावा लागतो. अहवाल घेऊन पुन्हा ओपीडीला या, तो कपाटात ठेवू नका.

गोदाकाठ

कोरडी डबी, फॉर्मॅलिन नाही. लिहून घेतलं. आमच्या वॉर्डात डब्या नसतात, उद्या स्टोअरला मागणी टाकते. पत्रकाचा पहिला मसुदा झाला की इथेच टाकीन, सिस्टर आणि डॉक्टर, तुम्ही दोघांनी तपासून द्यायचा आहे.